अंबादासची तोडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. भावाला नाही, वहिनीला नाही, शाळेतल्या ज्या मैत्रिणीबरोबर मी बावीस वर्षं डबा खाल्ला तिलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे. मला आता माझाच वैताग आलाय, एवढं खरं. इतकी वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवायची, आणि वर चारचौघांत शहाण्यासारखं बसायचं. किती दिवस?

थांबा, सुरुवातीपासून सांगते. नाहीतर मी आडवळणाला जाईन. मला ती सवय आहे.

मोठा दुष्काळ संपून एखादं वर्ष झालं असेल. मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. वय पस्तीस, लग्न केलेलं नाही, भावाच्या घरी राहायचे. आणि आमच्या पूर्व भागात अंबादास नावाचा एक माणूस होता. तेलुगू घरातला, चादरीच्या कारखान्यात कामाला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. तो मला अक्का म्हणायचा. हा अंबादास गिटार वाजवायचा.

आता तुम्ही म्हणाल, आलं लक्षात, प्रेम वगैरे. नाही हो. तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं एकाच गुरुजींचे शिष्य. शिवय्या स्वामी, ते एका मठाच्या मागच्या खोलीत गाणं शिकवायचे. आमच्या घरी कानडी, अंबादासच्या घरी तेलुगू, गुरुजी चिडले की तिसऱ्याच भाषेत, मराठीत ओरडायचे. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं गायला शिकले. अंबादास चारच वर्षं आला, आणि तोही गायला नाही, गिटार घेऊन. रेल्वे लाइनीतल्या वस्तीत डिसोझा नावाचे एक इंजिन ड्रायव्हर राहायचे. क्लबात नाच असला की गिटार वाजवायचे. अंबादास त्यांच्याकडे चादरी पोचवायला गेला तो दोन वर्षं जातच राहिला. जॅझ त्यानं तिथं उचललं. डिसोझा निवृत्त होऊन गोव्याला गेले तेव्हा गिटार त्याच्या हातात देऊन गेले.

गुरुजींनी ते लाकूड पाहिलं आणि म्हणाले, “हे लग्नाच्या बँडातलं काय आणलंस?” मग त्यानं तार ओढून सारंगाचा एक तुकडा वाजवला. गुरुजींनी त्याच्याकडं चटई सरकवली. मग म्हणाले, “बस.”

जॅझ म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं, आताही फारसं कळत नाही. पण तो काय करायचा ते सांगू शकते. एका तारेवर आपला राग चालायचा, सतारीवर चालतो तसा, मींड घेत, सावकाश. आणि मधूनच तो तीन-चार तारा एकदम छेडून त्या सुराखाली एक झंकार सोडायचा. तो झंकार आपल्याकडचा नव्हता. ओळखीचा सूर क्षणभर परका वाटायचा, आणि लगेच पुन्हा आपला व्हायचा. ठेकाही सरळ नसायचा, मुद्दाम किंचित लंगडत चालायचा.

आणि तोडी. तोडीचा गंधार कोमल तर असतोच, पण नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही जरा खाली असतो. केसभर खाली. गिटारीच्या मानेवर पितळी पट्ट्या असतात ना, पडदे, त्यांच्यावर तो सूर नाहीच. अंबादास खालच्या रिषभाच्या पडद्यावरून तार ओढत ओढत तिथपर्यंत पोचायचा, तिथं थांबायचा, आणि खालून झंकार सोडायचा. त्या झंकारानं गंधार थरथरायचा. गुरुजींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “असू दे. हे असू दे.”

हे त्यांचे शब्द लक्षात ठेवा. मी ठेवले होते. म्हणून तर जे केलं ते जास्त वाईट.

त्याच गंधारासाठी मी नऊ वर्षं घासली. एक दिवस गुरुजी मला म्हणाले, रागावून नव्हे, अगदी मायेनं, “तुझ्या कानात आहे गं तो. गळ्यात नाही.” त्यानंतर मी गाणं सोडलं. घरी सांगितलं, शाळेच्या कामातून वेळ होत नाही.

दोन वर्षांनी गुरुजी गेले. मग अंबादास रविवारी सकाळी आपल्या घरी वाजवायला लागला. शेजारचे माग बंद असायचे, गल्ली शांत असायची. पहिले काही महिने ऐकायला दोघीच. मी आणि त्याची बायको नरसा. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची आणि मी दाराला टेकून ऐकायचे. त्या सकाळी माझ्या होत्या. एवढंच होतं माझ्याजवळ, दुसरं काही नव्हतं.

मग चाहते आले.

काय सांगू तुम्हाला त्या चाहत्यांचं! आधी कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक देगावकर आले. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि परदेशी तबकड्या होत्या. त्यांनी आणखी चौघांना आणलं, त्या चौघांनी आणखी आणले. बाहेरची खोली पुरुषांनी भरली आणि मी आत, नरसाजवळ, दाराआड. देगावकर दर रविवारी अंबादास वाजवायला लागण्याआधी अर्धा तास बोलायचे. पूर्व आणि पश्चिम, संगम, नवं युग. समोर अंबादास मान खाली घालून तारा पुसत बसलेला. ही मंडळी तो सूर लावत असताना “वा!” म्हणायची. सूर लावत असताना! आणि गंधार यायचा तेव्हा एकमेकांत कुजबुजायची, की हा तुकडा अमक्या अमेरिकन वादकासारखा वाटतो का. कुणी म्हणे त्यानं केस वाढवावेत. कुणी म्हणे लुंगी सोडून पँट घालावी. मला आतून ओरडावंसं वाटायचं, अहो, ऐका ना! तो काय करतोय ते ऐका!

त्यांत एक गणपतराव होते. मंगळवेढ्याला सायकल दुरुस्तीचं दुकान. दर रविवारी पहाटेची एस.टी. धरून यायचे, थंडीत येताना हुरडा आणायचे, पिशवी आत नरसाकडे द्यायचे आणि कोपऱ्यात मांडी घालून बसायचे. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कुठंही “वा” म्हणायचे, आणि डोळे पुसायचे. अंबादास सूर लावत असला तरी डोळे पुसायचे! मला सगळ्यांत जास्त राग त्यांचा यायचा. का? आता विचारते स्वतःला. बाकीचे निदान दाखवण्यासाठी येत होते. त्या माणसाला दाखवायचं कुणाला होतं?

पुन्हा आडवळण. सत्काराकडे येते.

मंडळींनी ठरवलं, अंबादासचा जाहीर कार्यक्रम करायचा, गावातल्या सभागृहात, शाल-श्रीफळासह. देगावकर माझ्याकडे आले. मला वाटलं, दोन शब्द बोलायला सांगतील. गुरुजींविषयी कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते सांगणारी मी एकटी उरले होते. ते म्हणाले, “बाई, तुमच्या मुलींकडून एक स्वागतगीत बसवून घ्याल का? छान होईल.”

मी बसवलं. बारा मुली, पांढरे ब्लाउज, निळे परकर. आणि छापील पत्रिकेत काय? ‘कोणाही गुरूविना स्वयंभू प्रतिभेने.’ कोणाही गुरूविना! ती पत्रिका हातात घेऊन मी शाळेच्या व्हरांड्यात किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक.

कार्यक्रम झाला. अंबादासनं तोडी वाजवली. तशी त्यानं आधी कधी वाजवली नव्हती. सभागृहात सहाशे माणसं, आणि गंधार आला तेव्हा एकही खोकला नाही. मी मागच्या रांगेत मुलींच्या शेजारी बसले होते. त्याच्या तारेवर तो सूर थरथरला तेव्हा माझं तोंड आपोआप त्या सुरासाठी उघडलं. मी गात नव्हते, तरी उघडलं.

मग त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की त्या दिवशी तो बोलला, सगळ्यांचे आभार मानले, आणि मला विसरला. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की तसंच झालं असं वाटायला लागलं. त्यावर नंतर येते.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पत्र लिहिलं.

गावातल्या एका दैनिकाला, वाचकांच्या पत्रव्यवहारात. खाली नाव ‘स्वरसाधक’. पुरुषी भाषेत, पुरुषी ऐटीत. मराठीची बाई मी, मला काय अवघड? ते पत्र मला आजही पाठ आहे. ‘गिटार या वाद्यास तोडीसारख्या रागाचा भार पेलवत नाही. गंधार कुठे आहे? पितळी पडद्यांच्या कैदेत आणि परकीय झंकाराच्या गोंगाटाखाली तो चिरडून गेला आहे. वादकाने आधी एक सूर शोधावा, मग चार एकदम वाजवावेत.’

समजतंय का तुम्हाला मी काय केलं ते? मला जे सगळ्यांत आवडत होतं, तेच मी दोष म्हणून लिहिलं. दुसरं काही लिहिलं असतं तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. कुठं मारलं की लागेल, हे ठाऊक असणारी मी एकटीच होते ना.

आणि रागाच्या भरात लिहिलं, असंही म्हणता येत नाही. लिहिल्यावर पाकीट आठ दिवस माझ्या पर्समध्ये होतं. शाळेच्या परीक्षेच्या कामाला मला मंगळवेढ्याला जायचं होतं. तिथल्या पेटीत टाकलं, म्हणजे शिक्का मंगळवेढ्याचा पडेल. मंगळवेढ्याचंच का? सोलापुरात टाकायचं नव्हतं, एवढंच का? पेटीत हात घातला तेव्हा मला गणपतराव आठवले होते. हो. आठवले होते. आणि मी पाकीट सोडलं.

पत्र छापून आलं. त्या रविवारी मी नेहमीसारखी गेले. न जाणं विचित्र दिसलं असतं. मंडळी अजून जमायची होती. अंबादास गिटार न घेता बसला होता, समोर कात्रण. नरसा म्हणाली, “अक्का, बरं झालं आलात. ह्यांचं तीन दिस झालं जेवनात लक्ष न्हाय. काय लिवलंय ते सांगंनात. तुमी वाचून दाखवा की.” तिला मराठी वाचता येत नव्हतं.

आणि मी वाचलं. माझंच पत्र. वर्गात धडा वाचावा तसं, विरामचिन्हांसकट. आवाज कापला नाही माझा. कापायला नको होता?

नरसानं कात्री सुपात आपटली. “हात झडलं न्हाईत मेल्याचं लिवताना!”

“तसं म्हनू नको,” अंबादास म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “अक्का, हे कोन हाय ठावं न्हाय. पन ह्याला ऐकू येतंय. हितं सगळे वा वा करत्यात. गंधार कुटं लागतो, कुटं न्हाय, कुनी तरी सांगितलं का आजवर? ह्या मानसानं ऐकलंय. असा मानूस भेटायला पायजे.”

मी काय बोलले? मी म्हणाले, “लक्ष देऊ नकोस रे.” बस्स.

मंडळींचा संताप तर विचारू नका. देगावकरांनी सभाच भरवली. प्रत्युत्तर द्यायचं ठरलं, आणि ते लिहायचं कुणी? “बाई, तुम्हीच लिहा. तुमचं मराठी चोख आहे.” मी लिहिलं! अंबादासची बाजू घेऊन, माझ्याच पत्राला उत्तर. खाली सगळ्यांच्या सह्या, माझीही. पहिल्यांदाच त्या मंडळींनी माझं कौतुक केलं. अंबादासनं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, “लई चांगलं लिवलंय, अक्का. पन पहिलं पत्र खरं हाय.”

देगावकर दैनिकाच्या कचेरीत जाऊन पाकीट पाहून आले. शिक्का मंगळवेढ्याचा. मग काय, शोध लागला! पुढच्या रविवारी गणपतराव पिशवी घेऊन आले तेव्हा खोलीत कुणी त्यांच्याशी बोलेना. शेवटी देगावकरांनी विचारलंच. गणपतरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले.

“आवो साहेब, मला गंधार म्हंजी काय ते बी ठावं न्हाय. मी कशाला लिवीन? मला नुसतं ग्वाड वाटतं म्हनून मी येतो.”

या अज्ञानासारखा दुसरा पुरावा असतो का? पण तेवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही तो दिसला नाही. कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल. अंबादास म्हणाला, “जाऊ द्या की, बसा गनपतराव.” पण ते बसले नाहीत. आत येऊन त्यांनी नरसाकडं पिशवी दिली. मी तिथं होते. माझ्याकडं बघून म्हणाले, “बाई, तुमी तर गान्यातल्या. तुमाला तरी पटतंय का मी लिवलं असंल?”

मी म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं.”

ते चपला घालून गेले. पुन्हा आले नाहीत. अजून सांगायचं बरंच आहे, पण हा भाग सांगताना दर वेळी माझा आवाज जातो. दर वेळी म्हणजे काय, मनातल्या मनात. तुम्हाला पहिल्यांदाच सांगतेय.

पुढं अंबादासनं काय केलं ते ऐका. त्यानं झंकार बंद केला. एकदम बंद. रविवारी तो फक्त एका तारेवर वाजवायचा, गंधार शोधत, तासन्‌तास. मंडळी बसायची, एकमेकांकडे बघायची. जॅझ कुठं गेलं? एकेक करून येणं कमी झालं. आणि एके दिवशी मी गेले तर गिटार मांडीवर, मानेवर नुसत्या खाचा. पडदे काढून टाकले होते. ओळखीच्या सुताराकडून, पक्कडीनं, एकेक करून उपटून.

“कैदेत, असं लिवलं हुतं न्हवं त्यानं,” अंबादास म्हणाला. “खरंच की. आता मोकळा झाला.”

अहो, अलंकारिक भाषा होती ती! मराठीच्या बाईची! त्यानं ती अक्षरशः घेतली. कुणी सांगितलं होतं त्याला एवढा विश्वास ठेवायला? बघा, अजूनही मी त्याच्यावरच चिडते. पडद्यांशिवाय ती गिटार गिटार राहिली नाही. सूर टिकेना, तार लाकडाला घासून बसका आवाज करायची. तो मात्र सांगायचा, “येईल, अक्का. येत चाललाय.”

यानंतर सहा-एक महिन्यांनी मुंबईहून एक गृहस्थ आले. देगावकरांनी सत्काराच्या दिवसाची टेप कुणाला तरी ऐकवली होती, त्यानं पुढं, असं होत होत ती यांच्यापर्यंत पोचली होती. ते मोठे कार्यक्रम ठरवायचे, परदेशी दौरेही. रविवारी सकाळी आले. देगावकर आणि उरलेली तिघं-चौघं इस्त्रीचे कपडे घालून हजर. नरसानं उप्पीट केलं होतं. अंबादासनं पाऊण तास तोडी वाजवली. एका तारेवर, त्या खाचांवर.

पाहुणे सभ्य होते. संपेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, “छान. आता टेपवर आहे तसं ऐकवा ना. तो झंकार. त्यासाठीच आलोय मी.”

अंबादास म्हणाला, “ते चुकीचं हुतं साहेब. कागदात बी आलं हुतं.”

“चुकीचं? मला तर...”

देगावकर मधे पडले, खूप बोलले, नेहमीसारखं. अंबादास ऐकेना. नरसानं मला कोपर मारलं. “अक्का, तुमी सांगा की त्यास्नी. ते बरं हुतं म्हनून. तुमचं ऐकत्यात ते.” आणि अंबादासनंच दाराकडं मान वळवली. “अक्का, तुमी बोला. गुरुजींकडं माझ्यापेक्षा जास्त वरसं शिकलाय तुमी. ते चुकीचं हुतं का न्हाय?”

खोलीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. देगावकरसुद्धा. एवढ्या वर्षांत त्या खोलीत माझं मत कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या दिवशी विचारलं, आणि एका शब्दाचं काम होतं. नाही, चुकीचं नव्हतं. एवढंच. पत्राची कबुलीही द्यायची गरज नव्हती! ‘गुरुजी म्हणाले होते, असू दे,’ एवढं सांगितलं असतं तरी झालं असतं.

मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, “गुरुजींना चाललं नसतं.”

हे मी बोलले. पत्रापेक्षा हे मोठं आहे, म्हणून शेवटपर्यंत मागं ठेवलं होतं. पत्रात मी निदान खोट्या नावाआड होते. इथं माझा स्वतःचा आवाज होता, आणि मेलेल्या माणसाचं नाव. अंबादासनं मान डोलावली, सुटका झाल्यासारखी. पाहुण्यांनी उप्पीट खाल्लं, नरसाला नमस्कार केला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

आता ते सत्काराचं. तो मला विसरला नव्हता. शाल खांद्यावर घेऊन, माईकला घाबरत घाबरत त्यानं सांगितलं होतं, “पत्रिकेत चुकून छापलंय. मला गुरू हुते, शिवय्या स्वामी. आनि माझी एक अक्का हाय, ती मागं बसलीय. गंधार कुटं असतो ते मला तिच्या तोंडाकडं बघून कळायचं. लागला की तिचा चेहरा बदलायचा.” सहाशे माणसांसमोर. मुलींनी माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी ते पत्र लिहिलं. तो मला विसरला म्हणून नव्हे. मग कशासाठी? मला त्याचं उत्तर चांगलं माहीत आहे, आणि ते तुम्हालाही आता माहीत आहे. त्याच्याजवळ तो सूर होता आणि माझ्याजवळ चेहरा. बाकी चाहते, पत्रिका, स्वागतगीत, सगळं मी नंतर सबबी म्हणून जमवलं.

दीड-दोन वर्षांनी कारखाना मंदावला आणि अंबादासनं भिवंडीला जायचं ठरवलं. तिकडं त्याच्या मेव्हण्याचे माग होते. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो आणि नरसा आमच्या घरी आले. नरसा वहिनीशी बोलत आत बसली. तो उंबऱ्यापाशीच उभा राहिला. गिटार नेत नव्हता. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं, तिकडं जागा न्हाय.

मग म्हणाला, “अक्का, सगळे सोडून गेले, तुमी शेवटपर्यंत येत राहिलात. कागदात माझी बाजू घेतली. त्या दिवशी पाहुण्यांसमोर खरं तेच बोललात, मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलला न्हाईत. दुसरं कोन हाय असं?”

ऊन उंबऱ्याच्या आतपर्यंत आलं होतं.

तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. म्हणाले, “सुखी राहा.”